ओसाड पडलेलं जुनं फुटबॉल मैदान हेरिटेज म्हणून कसं वाचवायचं? कॅथकिन पार्क डोळ्यासमोर ठेवून

स्कॉटलंडात राहत असाल आणि तुमच्या भागातलं एखादं जुनं मैदान गवत माजून, पायऱ्या खचून हळूहळू हातचं जाताना दिसत असेल, तर हे मुख्यतः तुमच्यासाठी लिहितेय. भारतातल्या मंडळींसाठीही शेवटाकडे थोडं आहे, कायदे वेगळे असले तरी कामाचा क्रम फारसा बदलत नाही. उदाहरण घेते ग्लासगोच्या कॅथकिन पार्कचं, कारण ओसाड मैदानाचं जे जे होऊ शकतं त्यातलं बरंच काही या एका जागेवर होऊन गेलंय, वाईटही आणि चांगलंही.

आधी ही जागा काय आहे ते बघू. क्वीन्स पार्क हा स्कॉटलंडचा सगळ्यात जुना क्लब, १८६७ चा. त्यांचं पहिलं हॅम्पडेन पार्क १८७३ ला सुरू झालं, मग रेल्वेलाईन त्या जागेतून जाणार म्हणून ते सोडावं लागलं आणि १८८४ ला जवळच दुसरं हॅम्पडेन झालं. १९०३ ला ते तिसऱ्या हॅम्पडेनला गेले, म्हणजे आजचं मोठं स्टेडियम, आणि दुसरं हॅम्पडेन थर्ड लानार्क या क्लबने घेतलं आणि त्याचं नाव कॅथकिन पार्क ठेवलं. थर्ड लानार्क काही लहानसहान क्लब नव्हता हो, १९०४ ची लीग जिंकलेला, दोनदा स्कॉटिश कप जिंकलेला, १९६०-६१ च्या सीझनमध्ये लीगमध्ये १०० गोल करून तिसरा आलेला. आणि त्यानंतर सहा वर्षांत, १९६७ ला, तो क्लबच बंद पडला. एप्रिल १९६७ मध्ये इथे शेवटचा लीग सामना झाला, क्वीन ऑफ द साउथ या क्लबशी ३-३. पुढे मुख्य स्टँड पाडला गेला, जागा काउन्सिलचं, म्हणजे तिथल्या महापालिकेचं, पार्क झाली, आणि तिन्ही बाजूंच्या प्रेक्षकांच्या पायऱ्या तशाच राहिल्या. आज त्या पायऱ्यांमधून पन्नासेक वर्षांची झाडं वर गेलीत, मधे लोखंडी कठडे उभे आहेत, आणि खाली मैदानावर अजूनही हौशी टीम खेळतात.

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मैदान वाचतं ते त्यावर खेळ चालू राहिला की. कागदावरचा दर्जा हवाच, पण तो एकटा पुरत नाही. लंडनच्या जुन्या वेम्बलीचे ते दोन पांढरे मनोरे लिस्टेड होते, म्हणजे संरक्षित बांधकामांच्या सरकारी यादीत होते, तरी २००३ ला पाडलेच ना. आर्सेनल क्लबच्या जुन्या हायबरी मैदानाचा ईस्ट स्टँड लिस्टेड होता म्हणून त्याचा दर्शनी भाग राहिला, पण आत फ्लॅट झाले आणि जिथे बॉल फिरायचा तिथे आता सोसायटीची बाग आहे. इमारत वाचली आणि मैदान गेलं. म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःला विचारायचं की आपल्याला नेमकं काय वाचवायचंय, भिंत, पायऱ्या, का खेळायची मोकळी जागा, कारण तिन्हींसाठी दरवाजे वेगळे आहेत आणि बहुतेक लोक फक्त एकच दरवाजा ठोठावत बसतात.

आता कामाला लागू. सुरुवात मालकी शोधण्यापासून. रजिस्टर्स ऑफ स्कॉटलंडच्या ऑनलाइन नोंदीत जागेचा मालक थोडक्या पैशात कळतो. काउन्सिलची जागा असेल तर काम बरंच सोपं, खासगी असेल तर लगेच तोंड वाकडं करू नका, पण मग पुढची पत्रं जरा जपून लिहायची, मालकाला पहिल्याच पत्रात धमकावलं की तो वकिलाकडे जातो आणि तुमची दोन वर्षं तिथेच जातात. सोबत काउन्सिलच्या प्लॅनिंग पोर्टलवर त्या जागेवर कुठला अर्ज चालू आहे का ते बघा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण बांधकामाचा अर्ज चालू असताना हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड, म्हणजे वारशाचे दर्जे देणारी सरकारी संस्था, ज्यांना सगळे एचईएस म्हणतात, ते साधारणपणे नवीन दर्जाचा विचार करत नाहीत. म्हणजे बिल्डरचा बोर्ड लागल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो, बोर्ड लागायच्या आधीच अर्ज गेलेला पाहिजे. आणि त्यांच्याच पोर्टलवर तुमच्या जागेला आधीपासून काही दर्जा आहे का, आजूबाजूचा भाग कन्झर्वेशन एरियात, म्हणजे जतन करायच्या परिसरात, येतो का, तेही बघून घ्या, कधीकधी अर्धी लढाई कोणीतरी आधीच जिंकून ठेवलेली असते आणि गल्लीत कोणाला पत्ताच नसतो.

मग पुरावा. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळी केस इथेच उभी राहते किंवा पडते.

नकाशांपासून सुरू करा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी मोजणीचे, जुने नकाशे फुकट ऑनलाइन ठेवलेत, आणि त्यात सोय अशी आहे की जुना नकाशा आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवून स्लायडरने पुसट-गडद करता येतो, मैदानाची कड १८९० मध्ये कुठे होती आणि आज कुठे आहे ते दोन मिनिटांत दिसतं. पहिल्या हॅम्पडेनची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. ते मैदान नेमकं कुठे होतं यावर वर्षानुवर्षं नुसते तर्क चालायचे, आणि शेवटी उत्तर मिळालं ते फुटबॉलच्या कागदांत नाही तर रेल्वेच्या जुन्या प्लॅनमध्ये, जी रेल्वे ते मैदान खाणार होती तिनेच जागा मोजून कागदावर आखून ठेवली होती. तिथे आज हॅम्पडेन बोलिंग क्लब आहे, त्या क्लबच्या लोकांनी हा विषय लावून धरला, २०२१ मध्ये आर्किऑलॉजी स्कॉटलंडसोबत तिथे खोदकामही झालं. तेव्हा आपल्या मैदानाला ज्यांनी त्रास दिला त्यांचेही कागद शोधायचे. रस्ता रुंदीकरण, गटार, ट्राम, रेल्वे, सगळ्यांनी मोजणी केलेली असते.

नंतर बांधकामाचे प्लॅन. ग्लासगोत जुन्या काळी बांधकामाला डीन ऑफ गिल्ड कोर्टाची परवानगी लागायची, आणि स्टँड बांधायचा म्हटलं की प्लॅन जमा करावे लागायचे. ते कागद आता ग्लासगो सिटी आर्काइव्हजमध्ये, मिचेल लायब्ररीत आहेत. आधी ईमेल करून जा, रस्त्याचं जुनं नाव आणि अंदाजे वर्ष दिलंत तर तिथले लोक फार मदत करतात. वर्तमानपत्रांतून सामन्यांची वर्णनं, गर्दीचे आकडे, अपघात, स्टँडची आग असलं सगळं मिळतं. हवेतून काढलेले जुने फोटो मिळाले तर सोन्याहून पिवळं, कारण त्यात पायऱ्यांचा आकार स्पष्ट दिसतो.

आणि मग प्रत्यक्ष जागा. कॅथकिनच्या पायऱ्यांवर उभं राहून नीट बघितलं की कळतं, तो एक मोठा मातीचा भराव आहे आणि त्याच्या अंगावर पायऱ्या बसवल्यात. हे का महत्त्वाचं आहे? ५ एप्रिल १९०२ ला ग्लासगोच्याच इब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामन्यात लाकडी टेरेस, म्हणजे उभं राहून मॅच बघायच्या पायऱ्या, कोसळून २५ माणसं गेली, आणि त्यानंतर उंच लाकडी सांगाड्यावरचा विश्वास उडून लोक मातीच्या भरावाकडे वळले. म्हणजे तो हिरवा उतार म्हणजे नुसती टेकडी नाही, लोकांना सुरक्षित उभं कसं करायचं हे माणूस शिकत होता त्या काळाचा तो पुरावा आहे, आणि अर्जात हे असंच सरळ लिहायचं. १९५४ मध्ये रेंजर्सविरुद्धच्या कप मॅचला कॅथकिनवर ४५,४५५ लोक होते. एवढी माणसं याच उतारावर उभी होती हे सांगितलं की झाडीत लपलेल्या पायऱ्यांकडे अधिकारी वेगळ्या नजरेने बघतो.

मोजणी करताना घाई नको. प्रत्येक बाजूच्या पायऱ्या मोजा, एका पायरीची उंची आणि रुंदी टेपने घ्या, प्रत्येक कठड्याला नंबर द्या आणि तो नकाशावर टाका. कठड्याचा फोटो काढताना तीन काढा, एक लांबून म्हणजे तो कुठे आहे ते कळेल, एक सरळ समोरून शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि एक अगदी पायाशी वाकून, जिथे नळी काँक्रीटमध्ये शिरते. ते शेवटचे फोटो लोक काढतच नाहीत, आणि गंज तिथेच सगळ्यात जास्त लागतो, पाणी साठतं, रंगाचा पापुद्रा सुटतो, खालून लोखंड पातळ होत जातं आणि वरून कठडा ठणठणीत दिसतो. झाडांचंही तसंच, मूळ पायरीच्या खालून गेलंय का सांध्यातून वर आलंय हे लिहून ठेवा, कारण पुढे कुठलं झाड काढायचं आणि कुठलं ठेवायचं हा वाद नक्की होणार आहे. माझं मत विचाराल तर सगळी झाडं तोडून मैदान १९६० सारखं चकचकीत करायच्या मागे लागू नका. ती झाडं आता त्या जागेच्या इतिहासाचाच भाग झालीत. जी पायरी फोडतायत किंवा कोणाच्या अंगावर पडू शकतात तेवढीच काढायची, तीही काउन्सिलला विचारून आणि पक्ष्यांच्या विणीचा काळ टाळून.

एक कळकळीची विनंती, खणू नका. मेटल डिटेक्टर घेऊन तर अजिबात जाऊ नका. शेड्यूल्ड, म्हणजे पुरातत्त्वीय अवशेष म्हणून संरक्षित, जागेवर परवानगीशिवाय तो वापरणं गुन्हा आहे, आणि स्कॉटलंडात जमिनीत सापडलेली जुनी वस्तू, भले ते एखादं बटण किंवा बॅज का असेना, ट्रेझर ट्रोव्ह या अशा वस्तूंची नोंद घेणाऱ्या यंत्रणेला कळवावी लागते, ती सापडणाऱ्याची होत नाही. खोदकाम करायचंच असेल तर आर्किऑलॉजीवाल्यांना सोबत घेऊन, मालकाच्या लेखी परवानगीने.

म्हाताऱ्या माणसांशी बोला, आणि लवकर बोला. १९६७ ला दहा वर्षांचा असलेला पोरगा आज सत्तरीच्या आसपास आहे. कुठल्या गेटमधून आत जायचात, बाबा कुठे उभे राहायचे, पाय कुठे ठेचकाळायचा, असे बारीक प्रश्न विचारा, 'तुमच्या आठवणी सांगा' असं विचारलं की सगळे सारखंच बोलतात. रेकॉर्डिंगच्या आधी लेखी संमती घ्या. हे सगळं अर्जातल्या सामाजिक इतिहासाच्या मुद्द्याला थेट उपयोगी पडतं.

आता दर्जाचं बघू. एचईएसकडे कोणीही नागरिक अर्ज करू शकतो, तज्ज्ञ असावं लागत नाही, फी नाही. मुख्य रस्ते दोन. लिस्टिंग हे बांधकामासाठी, त्यात ए, बी, सी असे वर्ग असतात, आणि इथे बांधकाम म्हणजे फक्त छप्पर असलेली इमारत असं नाही, भिंत, गेट, टर्नस्टाइलची (आत सोडायच्या फिरत्या फाटकाची) खोली, पायऱ्याही त्यात बसू शकतात. इब्रॉक्सचा मेन स्टँड बी वर्गात आहे. दुसरा रस्ता शेड्यूलिंगचा, तो मुख्यतः पुरातत्त्वीय अवशेषांसाठी, आणि त्याला राष्ट्रीय महत्त्व दाखवावं लागतं. शेड्यूल झालेल्या जागेवर साधं दुरुस्तीचं काम करायलाही वेगळी परवानगी लागते, त्यामुळे जिथे रोज खेळ चालू ठेवायचाय त्या हिरवळीसाठी हा दर्जा मागताना दोनदा विचार करा. माझा सल्ला असा की पायऱ्या, कठडे, भिंती यांच्यासाठी एक अर्ज, आणि हिरवळीसाठी पुढे सांगते तो वेगळा मार्ग.

अर्जात भावनेने ओथंबलेली पानं नकोत. वय, दुर्मीळपणा, रचना, आजूबाजूचा परिसर, माणसांशी आणि घटनांशी असलेलं नातं, याच मुद्द्यांवर ते तपासतात, तेव्हा त्याच क्रमाने लिहायचं. दुर्मीळपणावर भर द्या. ब्रिटनमधली जुनी उभं राहून मॅच बघायची टेरेस बहुतेक ठिकाणी गेलीत, कुठे खुर्च्या लागल्या, कुठे सुपरमार्केट झालं, मग अशा पायऱ्या अजून कुठे कुठे उरल्यात याची तुलना करून दाखवा. आणि माणसांबद्दल लिहिताना नेमकं लिहा. पहिल्या हॅम्पडेनवर ११ मार्च १८८२ ला स्कॉटलंडने इंग्लंडला ५-१ हरवलं, त्या टीममध्ये अँड्र्यू वॉटसन होता, जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू, जो त्याआधीच्या वर्षी लंडनमध्ये ६-१ जिंकलेल्या स्कॉटलंडचा कॅप्टन होता. असं एक वाक्य 'इथे अनेक महान खेळाडू खेळले' या दहा वाक्यांना भारी पडतं. आणि जे दुसऱ्या मैदानावर घडलं ते ओढून आपल्या मैदानाच्या नावावर टाकू नका, तपासणारा माणूस हुशार असतो आणि एक चूक सापडली की बाकी सगळ्याकडे संशयाने बघतो.

मोकळी जागा वाचवण्यासाठी फील्ड्स इन ट्रस्ट ही १९२५ पासूनची संस्था आहे, ती मालकाशी कायदेशीर करार करते की ही जागा कायम खेळासाठी आणि लोकांसाठीच राहील. मालकाची सही लागते, म्हणजे काउन्सिलला पटवावं लागतं, पण एकदा झालं की निवडणुका येवोत जावोत, करार तसाच राहतो. याशिवाय काउन्सिलच्या हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट रेकॉर्डमध्ये मैदानाची नोंद करून घ्या. याने कायदेशीर संरक्षण मिळत नाही, पण उद्या प्लॅनिंगचा अर्ज आला की अधिकारी ती यादी बघतो आणि जागेला इतिहास आहे हे त्याला कळतं. हे सगळ्यात सोपं काम आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

जागा स्वतः चालवायची तयारी असेल तर २०१५ च्या कम्युनिटी एम्पॉवरमेंट कायद्याखाली काउन्सिलकडे ॲसेट ट्रान्सफर, म्हणजे जागेचं हस्तांतर, मागता येतो, मालकी, भाडेपट्टा किंवा नुसता वापराचा हक्क, तिन्ही चालतं. मालकी हवी तर रीतसर नोंदलेली संस्था आणि किमान २० सभासद लागतात, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यावर काउन्सिलला साधारण सहा महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. खासगी जागा असेल तर कम्युनिटी राइट टू बाय आहे, त्यात आधी आपला इंटरेस्ट नोंदवून ठेवायचा, भागातल्या निदान दहा टक्के लोकांचा पाठिंबा दाखवायचा, म्हणजे मालक विकायला काढेल तेव्हा पहिली संधी तुम्हाला. पण खरं सांगू का, मालकीची घाई करू नका. विमा, गवत कापणं, पडलेली भिंत, सगळं तुमच्या गळ्यात येतं. आधी दोनेक सीझन काउन्सिलसोबत नुसत्या देखभालीचा करार करून बघा. पैशासाठी नॅशनल लॉटरी हेरिटेज फंड आहे, १०,००० पाउंडापासून अर्ज करता येतो, आणि तो फंड दगडविटांइतकंच लोकांच्या सहभागाकडे बघतो, त्यामुळे शाळेच्या मुलांना आणलं, आजोबांच्या मुलाखती केल्या, हे सगळं तिथे मोजलं जातं.

आणि या सगळ्यात खेळ थांबू देऊ नका. रविवारची फाइव्ह-अ-साइड असो, मुलींची टीम असो, दक्षिण आशियाई पोरांचं टेनिस बॉल क्रिकेट असो, गोव्हनहिल हा भाग कॅथकिनच्या जवळच आहे आणि तिथे आपली माणसं भरपूर आहेत. रिकाम्या मैदानासाठी सह्या गोळा करताना दमछाक होते, खेळत्या मैदानावर पोरांचे आईबाप स्वतःहून पेन मागतात. कोल्हापूरच्या लोकांना हे सांगायची गरज नाही, पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असताना शाहू स्टेडियमच्या जागेकडे कोणी वाकड्या नजरेने बघून दाखवावं.

महाराष्ट्रात असं काही करायचं असेल तर प्राचीन स्मारकांच्या कायद्यामागे लागण्यात मैदानाच्या बाबतीत फारसं हाती लागत नाही, केंद्राच्या कायद्याला तर वास्तू किंवा जागा निदान १०० वर्षं जुनी लागते. जास्त उपयोगाचा रस्ता शहराच्या हेरिटेज यादीचा, मुंबईत १९९५ पासून तसे नियम आहेत, ग्रेड १, २ आणि ३ असतात, आणि इमारतींसोबत परिसरही त्यात येतात. त्याहून आधी विकास आराखड्यात त्या जागेवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे का ते बघा आणि ते बदलायच्या हरकतींच्या नोटिशीवर लक्ष ठेवा. माहिती अधिकारात जागेचा भाडेपट्टा आणि त्याच्या अटींची प्रत मागा, संपलेले भाडेपट्टे आणि मोडलेल्या अटी तिथेच सापडतात. इथे स्कॉटलंडातही माहितीचा कायदा आहे, २० कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, काउन्सिलने मैदानाची पाहणी शेवटची कधी केली आणि त्यात काय लिहिलं हे जरूर मागवा.

एचईएसचा निर्णय आला की तो वाचताना नुसतं हो का नाही एवढंच बघू नका, सोबतचा अहवाल पूर्ण वाचा. हो आलं तर मालक तीन महिन्यांत अपील करू शकतो, तोवर सगळी कागदपत्रं आणि मूळ फोटो जपून ठेवा, एक कॉपी क्लाउडवर, एक कोणाच्या तरी घरी. आणि हो, दर्जा मिळाला म्हणजे कोणीतरी येऊन कठडे रंगवून जाईल असं नसतं, ते काम तुमच्याच यादीत राहणार आहे. नाही आलं तर का नाही ते अहवालात मुद्देसूद दिलेलं असतं, कुठला पुरावा कमी पडला ते कळतं, तोच अर्ज पुन्हा पाठवण्यात काही हशील नाही, नवीन माहिती मिळाली तरच पाठवायचा. मधल्या काळात काउन्सिलची नोंद, फील्ड्स इन ट्रस्टचा करार आणि रविवारची मॅच, या तिन्हींना एचईएसच्या होकाराची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे ती कामं पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करा.